सव्वादोन तोळे

आमची भट्टी सराफ्यातल्या बोळात, जिन्याखाली.
मी खानापूर तालुक्यातला.
बाप गलाईसाठी इंदूरला आला तेव्हा सोबत
एक मूस, एक चिमटा,
आणि आईनं दिलेली ठेच्याची बरणी.
तीस वर्षं लोकांच्या चांदीचं पाणी करतोय.
तेजाबाच्या वाफेनं छाती भाजली माझी,
चांदीला मात्र कधी खोकला येत नाही.

परवा अलीराजपूरकडची झेतरीबाई आली,
मागं नातू, पाय धुळीनं पांढरे.
कडी काढली, कंदोरा काढला,
मग मानेतून नाण्यांची माळ.
राणीचे सोळा रुपये
आणि मधोमध एक निराळंच:
दोन खांब, खांबांमध्ये लाटा,
लाटांवर दोन पृथ्व्या, एक दुसरीवर चढलेली,
आणि दोघींच्या डोक्यावर मिळून एकच मुकुट.

धामणस्कर सर रोज पाचला येतात,
मुशीत जाण्याआधी जुनी नाणी बघायला.
पूर्वी कॉलेजात शिकवायचे. आता नुसते बघतात.
भिंग लावलं आणि त्यांचा चहा निवला.
म्हणाले, दादासो,
हा दोन समुद्रांपलीकडचा डोंगर आहे.
पोटात चांदी होती, पायथ्याशी माणसं होती.
जहाजांतून आले त्यांनी
दर सात गड्यांमागं एक उचलला, दर वर्षी,
आणि आत सोडला, हातात मेणबत्ती देऊन.
शिडीवरून चांदी वर यायची.
गडी यायचाच असं नाही.
घरी राहिले त्यांना देवी आल्या,
काही गावांत पुरायलाही हात उरले नाहीत.
मग चांदीच्या चिखलात पारा ओतायचे
आणि अनवाणी पायांनी तुडवून घ्यायचे.

पारा मला माहीत आहे.
सखाराममामाचे दात असेच हलायला लागले होते,
पेला धरताना सांडायचं.

कडेनं लिहिलंय, सर म्हणाले,
दोन्ही मिळून एक.
मी म्हटलं, सर, आमचा धंदाच तो.
पण मुशीत दोन घातले
तर वजन दोघांचं भरतं.
तिथं कुणाचं भरलं?
सर भिंग पुसत बसले.

झेतरीबाईनं नाणं माझ्या हातातून घेतलं.
आमचं बोलणं तिला कितपत कळलं, कोण जाणे.
अंगठा लाटांवर फिरवला
आणि तिच्या बोलीत विचारलं,
यांचंही बुडवलं?

तिचं गाव धरणाखाली आहे.
वैशाखात पाणी उतरलं की
पूर्वजांचे दोन दगड वर येतात,
बाकी नुसतं पाणी, जसं इथं.
नाणं तिच्या पणजीकडं कसं आलं, तिला ठाऊक नाही.
सरांनी सुरतेचं नाव घेतलं, आणखी एका बंदराचं,
मग तेही थांबले.

नातवानं फडक्यातली मक्याची भाकरी सोडली.
सरांना राहवलं नाही. बाई, हा मकाही तिकडचाच.
ती पहिल्यांदा हसली.
असेल, म्हणाली. पाहुणा आला,
आमच्या उतारावर उभा राहिला,
कुणाला उठ नाही म्हणाला.

सरांनी नाण्याला तिप्पट भाव देऊ केला.
तिनं दोरा दातानं तोडला,
नाणं लुगड्याच्या पदराला बांधलं, दोन गाठी.
बाकीचं सगळं मुशीत गेलं. ती बघत उभी राहिली,
कडी वाकली, कंदोरा बसला,
राणीची तोंडं एकेक करून विरली
तेव्हा नातू टाळी वाजवून गेला.
मी पावती केली, माळेच्या वजनातून
वजा: सव्वादोन तोळे.

रात्री शटर ओढलं तर
आमच्याच पायरीवर बनवारीभियाची शेगडी पेटलेली,
किसणीवर कणसं खाली-वर, खाली-वर,
रांगेत पोरंपोरी, थाळ्यांचा खडखडाट.
वर्षानुवर्षं हा वास ओलांडून घरी जातो.
त्या दिवशी जरा थांबलो.
घेतलं काही नाही.

घरी बायकोनं भाकरीवर ठेचा वाढला.
पहिल्याच घासाला ठसका, डोळ्यांत पाणी.
मिरची कुठली,
हे सरांना विचारायचं राहून गेलं.